आबाजींचा कोंडवाडा

अमरावतीच्या आमच्या शाळेला आता नवी इमारत झाली आहे. तिच्या मोठ्या दालनात आमच्या वेळच्या हेडमास्तरांची तसबीर लावायचं ठरलं आणि त्या प्रसंगासाठी हेडमास्तरांविषयी चार शब्द लिहून द्यावेत, असं मंडळींनी मला कळवलं. या शाळेतून शिकून पुढे बी.ए. झालेला मी पहिलाच. माझा बाप कापसाची गाडी हाकायचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणाला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. तेव्हा शाळेविषयी कृतज्ञतेचे शब्द माझ्याकडून यावेत, ही अपेक्षा रास्त आहे. मी कृतज्ञ आहेच. पण हेडमास्तरांवर लिहायला बसलो की कागदावर दर वेळी आबाजी येऊन बसतात, पागोटं एका कानावर कललेलं, बोटांना तपकीर, धोतराला सरकी चिकटलेली. हा कागद मंडळींना चालणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांना मी नम्रपणे नकार कळवला आणि हा कागद वेगळा ठेवला.

आबाजी आमच्या शाळेत दुय्यम मास्तर होते. ते रिद्धपूरकडचे. रंगानं काळे, अंगानं रुंद, आणि आवाज असा की रस्त्यावरचे बैल थांबावेत. शाळा भाड्याच्या घरात भरायची. पुढच्या पडवीत हेडमास्तर शहाण्या मुलांना शिकवायचे. मागे, जिथे घरमालकाची गुरं बांधत, तिथे गवतानं शाकारलेली एक सपरी होती. ज्या मुलांचं पुढच्या पडवीत काही जमत नसे, त्यांना हेडमास्तर त्या सपरीत पाठवत आणि ती सपरी आबाजींच्या हवाली होती. गावानं तिला नाव ठेवलं होतं, आबाजीचा कोंडवाडा.

ते नाव आबाजींच्या कानावर होतं. एकदा कुणी दलालानं रस्त्यात विचारलं, "काय मास्तर, कोंडवाड्यात किती जनावरं जमली?"

"जनावरं चांगलीच हायेत," आबाजी म्हणाले. "मालक सोडवाले येत नाई, एवढंच."

कोंडवाड्यात कोण कोण होतं? एक मुलगा असा होता, की त्याच्या मागे भांडं पडलं तरी तो वळून पाहत नसे. एक जण घडीभर एका जागी बसत नसे. एकाला काल शिकवलेलं आज नवं वाटे. तिघं-चौघं अडखळत बोलणारे होते. आणि मी होतो. मला तोंडी सगळं येई, पाढे, गोष्टी, गावांची नावं. पण पाटीवर अक्षर पाहिलं की ते माझ्यासमोर पोटावरून पाठीवर होई. मात्रा इकडची तिकडे जाई. हेडमास्तरांनी मला वर्षभर छडीनं वाचायला शिकवलं आणि मग मागे पाठवलं. त्या काळी शाळेत आम्हा सगळ्यांना एकच शब्द होता, मठ्ठ. घरी दुसरा होता, बाहेरचं झालेलं.

आबाजींकडे कुठलंही शास्त्र नव्हतं. ते स्वतः फार शिकलेले नव्हते आणि हेडमास्तरांच्या विद्वत्तेबद्दल त्यांना खरा आदर होता. त्यांच्याकडे होत्या त्या सवयी. पहिली सवय अशी, की मूल बोलायला लागलं की ते त्याच्या तोंडाकडे पाहत नसत. मान वळवून भिंतीकडे पाहत आणि कान तेवढा पुढे करत. शाळेत नवीन आलेल्याला वाटे, मास्तरांचं लक्ष नाही. आम्ही विचारलं तेव्हा म्हणाले, "तू भाकर खाऊन राहिला आणि मी तुझ्या तोंडाकडं टक लावून बसलो, तर घास उतरन का तुझा? मंग बोलणं कसं उतरन?"

दुसरी सवय चिडण्याची. मुलांवर नाही, मोठ्या माणसांवर. मुलाला "अरे, हे साधं येत नाही?" असं कुणी म्हटलं की आबाजींचा तोल जाई. समोर बाप आहे की पाटील, हे ते पाहत नसत. या तोंडामुळे त्यांनी आयुष्यात बरंच गमावलं. आमच्यासाठी थोडं गोड बोलले असते तर आमचंही भलं झालं असतं, असं आता वाटतं. पण गोड बोलणारे आबाजी मला डोळ्यांसमोर आणताच येत नाहीत.

माझं वाचन त्यांनी सरकीनं सोडवलं. ते दिवस असे होते की अमरावतीत जिकडे पाहावं तिकडे कापूस. सातासमुद्रापार कुठेतरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जात नव्हता, आणि म्हणून आमच्या काळ्या रानातला जात होता. गाड्यांच्या रांगा गावाबाहेर मुक्कामाला असत. रस्त्याच्या कडेला, नालीत, अंगणात, मुलांच्या केसांत कापूस असे, आणि त्यातून निघालेली सरकी तर कुणी मोजतही नसे. आबाजींनी ती ओटीभर आणली, जमीन सारवून घेतली आणि सरकीची ओळ मांडून मोठं अक्षर केलं. मला म्हणाले, "डोळे मीट."

मी मिटले. त्यांनी माझं बोट धरून सरकीवरून फिरवलं.

"तुझे डोळे तुले फसवतात. बोट नाई फसवत. बोटानं वाच."

मी बोटानं वाचायला लागलो. आधी एक अक्षर, मग शब्द, मग डोळे उघडून आणि बोट कागदावर ठेवून. पुढे मुंबईला कॉलेजात इंग्रजी पुस्तकंसुद्धा मी अशीच वाचली आणि बरोबरचे विद्यार्थी हसले. हसू दिलं. आजही माझं बोट कागदावरच असतं.

पण हा लेख माझ्याविषयी नाही. कोंडवाड्यात आबाजींचा जीव खरा अडकला होता तो मारोतीत.

मारोती उकंडाजी पाटलांचा मुलगा. नांदगाव खंडेश्वराच्या बाजूला त्यांची जमीन होती. कापसानं घर असं वर आलं की उकंडाजींनी बैलांच्या गळ्यात चांदीची घुंगरं बांधली आणि अमरावतीत कौलारू घर घेतलं. मुलगा शिकावा म्हणून त्याला शाळेत घातलं. मारोती बोलायला गेला की पहिलंच अक्षर दातांमागे अडकायचं. मान ताणली जायची, डोळे मिटायचे, ओठ थरथरायचे आणि शेवटी तो हात झटकून गप्प बसायचा. घरच्यांनी सगळं करून पाहिलं होतं. जिभेला वेखंड मधात उगाळून लावलं. देवळातल्या घंटेवरून ओघळलेलं पाणी पाजलं. पोपटानं टोचलेले पेरू खाऊ घातले. मारोती मला एकदा खुणेनं म्हणाला होता, पेरू मात्र चांगले होते.

मग कुणीतरी सांगितलं, जिभेला डाग द्या. उकंडाजींनी डाग देणारी बाई बोलावली, बिबवा तापवायला घेतला, आणि हे कळताच आबाजी शाळा अर्धी सोडून त्यांच्या घरी गेले. आम्ही काही मुलं मागून गेलो. उकंडाजी ओसरीवर दलालाबरोबर सौदा करत बसले होते. आमच्याकडे कापसाचा सौदा तोंडानं होत नाही. दोघं हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. शेजारी बसलेल्याला काही कळत नाही.

आबाजींनी त्यांचा रुमालच उचलला.

"पाटील, तुमचा एवढा मोठा व्यवहार बोटानं होते. तोंडातून शबूद काढत नाई तुमी. मंग पोराच्या तोंडाची एवढी घाई काहून करता?"

"मास्तर, आमच्या घरचं आमी पाहू."

"पाहा ना. माझ्या बापानंबी पाह्यलं होतं." आबाजींचा आवाज एकदम खाली आला. "माझ्या धाकट्या भावाच्या जिभेले असाच डाग देल्ला. अगुदर अडखळत तरी बोले. मंग बोलणंच सोडलं त्यानं. पाणी पाह्यजे तर लोट्याकडं बोट दाखवे. मेला तवाबी काई बोलला नाई. काई सांगाचं असन त्याले, पण कोण पुसणार?"

मारोतीची आई दारात उभी होती. तिनं आत जाऊन बिबवा विझवला. त्यासाठी तिनं नवऱ्याला विचारलं नाही.

उकंडाजी मात्र व्यवहारी माणूस. थोड्या वेळानं म्हणाले, "बरं. डाग नाई देत. पण मी बिनकामाचं पोट्टं शाळेत किती दिवस बसवू? डिप्टीसाहेब परीक्षा घ्याले येते, तेथं हा चार माणसांत बोलला पाह्यजे. बोलला तर शिकन. नाई बोलला तर कापसाच्या अंगणात कचरा वेचाले जाईन. तेथं बोलाची गरज नाई."

"बोलन," आबाजी म्हणाले.

परतताना मात्र तपकिरीची डबी हातात होती, ती उघडायचंही राहून गेलं.

मारोती कसा बोलेल, हे आबाजींना तेव्हा माहीत नव्हतं. ते सापडलं योगायोगानं. सपरीच्या मागे भिंतीपलीकडे इमामभाई पिंजाऱ्याचं दुकान होतं. गाद्या-रजयांचा कापूस तो धनुष्यासारख्या पिंजणानं पिंजायचा. लाकडी मुठीचा ठोका पिंजणाच्या ताणलेल्या तातीवर बसला की दिवसभर आवाज यायचा, धुंग, धुंग, धुंग. हेडमास्तर त्या आवाजानं वैतागायचे. एक दिवस मारोती एकटाच भिंतीला पाठ लावून बसला होता, ठोक्यावर मान हलवत, आणि स्वतःशी पुटपुटत होता. आबाजी जवळ गेले. मारोती थांबला.

"थांबू नको," आबाजी म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. "बोल. मी पाहून नाई राहिलो."

धुंग. "आ." धुंग. "म." धुंग. "ची." धुंग. "म्हैस."

मारोतीच्या तोंडून आम्ही ऐकलेले ते पहिले अख्खे शब्द. आमची म्हैस. त्या दिवसापासून आबाजी आम्हा अडखळणाऱ्यांना आणि न अडखळणाऱ्यांनाही त्या भिंतीशी बसवू लागले. एका ठोक्याला एक अक्षर. मग एका ठोक्याला एक शब्द. इमामभाईला हे कळलं तेव्हा त्याला फार गंमत वाटली. तो भिंतीवरून डोकावून म्हणायचा, "मास्तरजी, आज पोरं कोणत्या चालीत बोलणार? धीमी का जल्दी?"

"धीमी ठेवा, भाई. आज नवीन पोट्टं हाये."

"अच्छा! रजई कोणाची बी असो, ठोका तुमचा."

मारोतीला एक गोष्ट सांगायची होती. त्यांच्या गावाकडची म्हैस दावं तोडून पळाली, ती गोष्ट. आजवर ती त्याच्या तोंडातच होती. ठोक्यावर ती बाहेर यायला लागली. म्हैस गोठ्यातून निघाली, चावडीपाशी गेली, पाटलांच्या पागोट्याला तिनं शिंग लावलं. आम्ही पोट धरून हसायचो. हसणाऱ्या मुलांपुढे बोलायची मारोतीच्या आयुष्यातली ती पहिली वेळ, आणि त्याला कळत होतं की ही मुलं म्हशीला हसत आहेत.

त्या दिवसांत आबाजी कधी नव्हे ते खुशीत असत. आणि त्या खुशीतच त्यांच्याकडून चूक झाली. ठोका हळूहळू मारोतीच्या स्वतःच्या बोटात उतरवायचा, अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत बोलायची सवय लावायची, हे त्यांच्या डोक्यात होतं. ते म्हणायचे, "थोडं रमू द्या पोट्ट्याले, मंग पाहू." कापूस पिकणाऱ्या गावात पिंजाऱ्याचा ठोका कधी थांबेल, असं त्यांच्या मनातही आलं नाही. कुणाच्या आलं असतं? आमच्याकडे कापूस कधी संपला होता?

पण कापसाचा भाव असा चढला की कापूस घरात ठेवणं वेडेपणाचं झालं. लोकांनी जुन्या गाद्या फोडल्या आणि आतला कापूस नव्या कापसात मिसळून विकला. रजया घालवल्या. त्या हिवाळ्यात अमरावतीत माणसं कापसाच्या ढिगाशेजारी गोधडी पांघरून कुडकुडली. रजई भरायला कोण येणार? इमामभाईचा ठोका आधी अधूनमधून थांबू लागला, मग सकाळीच काय तो ऐकू येई, आणि एक दिवस त्यानं पिंजण खांद्यावर घेतलं.

"अकोल्याकडं जातो, मास्तरजी. तिकडं काई मिळते का पाहतो."

"भाई, परीक्षेपर्यंत थांबा."

"खाऊ काय? ठोका?"

इमामभाई गेला आणि भिंतीपलीकडे शांतता आली. हेडमास्तर म्हणाले, चला, एक कटकट मिटली.

मारोती पुन्हा अडखळू लागला. आबाजींनी पत्र्याचा डबा वाजवून पाहिला, टाळी वाजवून पाहिली, मांडीवर थाप मारून पाहिली. थोडं जमू लागलं. पेरांची सवयही सुरू केली, पण बोट हललं की मारोतीचं लक्ष बोटाकडे जाई आणि शब्द सुटे. वेळ हवा होता. वेळ उरला नव्हता.

परीक्षेच्या वेळची हेडमास्तरांची एक पद्धत होती. शाळा तपासायला डिप्टीसाहेब येणार त्या दिवशी कोंडवाड्यातल्या मुलांना निरोप जाई, तुम्ही येऊ नका. निकाल चांगला लागे. गावालाही ते ठीक वाटे, कारण त्या दिवसांत कापूस निवडायला लहान हात हवेच असत. यंदा आबाजी म्हणाले, माझी मुलं येतील.

"आबाजी, तुमचा हट्ट शाळेला महागात पडेल," हेडमास्तर म्हणाले. ते पुण्याकडचे होते आणि रागावले तरी त्यांचं बोलणं छापल्यासारखं असे. "तो मुलगा साहेबांसमोर काय करणार आहे?"

"गोष्ट सांगन."

"आणि तुम्ही डबा वाजवणार? ही शाळा आहे. तमाशाचा फड नव्हे."

डिप्टीसाहेब आले. ते वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलं पाहिजे. दमलेले होते. त्यांना त्याच दिवशी पुढच्या गावाला जायचं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी कागदावर बोट ठेवून वाचलं, हळू पण सरळ. साहेब म्हणाले, "छान." हेडमास्तरांनी वाकून सांगितलं, "या मुलावर फार मेहनत घेतली." कुणी घेतली, ते त्यांनी सांगितलं नाही.

मग मारोती उभा राहिला. दारात उकंडाजी होते, नवं उपरणं घेऊन आलेले. साहेबांनी नाव विचारलं. मारोतीची मान ताणली, डोळे मिटले. पडवीत कुणीतरी खुदकन हसलं. आबाजी मागे खांबाशी उभे होते. मला त्यांच्या पायाचा आवाज ऐकू आला. टाचेनं जमिनीवर ठोका. एक. मग दुसरा.

"मा. रो. ती." शब्द बाहेर आले. साहेबांनी मान वर केली. "गोष्ट सांगता येते?"

टाचेचा ठोका चालू होता. "आ. म. ची. म्हैस. दा. वं. तो. डून. प. ळा. ली." मारोतीनं डोळे उघडले. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. म्हैस चावडीपाशी पोचली. ओळीतली मुलं हसली, या वेळी म्हशीला. उकंडाजींनी दाराची चौकट धरली होती. माझी खात्री आहे, पागोट्यापर्यंत म्हैस पोचली असती तर साहेबही हसले असते.

"हा आवाज कसला?" साहेबांनी विचारलं. "कोण पाय आपटतं आहे? बंद करा."

हेडमास्तरांनी मागे पाहिलं. आबाजींचा पाय थांबला.

मारोती शब्दाच्या मध्यावर होता. त्याचं तोंड उघडं राहिलं. तो वाट पाहत होता. सगळी पडवी त्याच्या तोंडाकडे पाहत होती, साहेब, हेडमास्तर, मुलं, बाप. फक्त आबाजी भिंतीकडे पाहत होते.

"बस्," साहेब म्हणाले. "पुढचा."

तेव्हा आबाजी पुढे आले. "साहेब, लंगड्याची कुबडी काढून घेता आणि वरून म्हणता, चालून दाखव?"

"हे कोण?"

"खालच्या वर्गाचे मास्तर," हेडमास्तर म्हणाले.

"खालच्या नाई. मागच्या," आबाजी म्हणाले. "त्याले अजून एक वर्ष द्या. म्या चूक केली, त्यानं नाई. ठोका बाहेर ठेवला म्या, आत नाई उतरवला. एक वर्ष द्या."

साहेबांनी त्यांना बाहेर जायला सांगितलं. आबाजी गेले नाहीत. उलट त्यांनी मोठ्या आवाजात आणखी काही सांगितलं, ज्यात अमरावतीतल्या शहाण्या लोकांविषयी बरंच होतं, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढ्यात उकंडाजींनी मारोतीचा दंड धरला. मारोतीनं जाताना मागे वळून पाहिलं. त्याचं तोंड अजून थोडं उघडंच होतं.

त्या वर्षी शाळेचा निकाल चांगला लागला. आबाजींवर उद्धटपणाचा ठपका आला आणि त्यांची बदली बार्शीटाकळीच्या लहान शाळेत झाली. सपरी घरमालकानं परत घेतली आणि तिथे कापूस भरला. कोंडवाड्यातली मुलं कुठे गेली, हे कुणी विचारलं नाही. मी विचारलं असतं तर उत्तर समोरच होतं. ती कापसाच्या अंगणात बसून कचरा वेचत होती, आणि मारोती त्यांच्यात होता.

पुढे ती लढाई संपली आणि भाव जसे चढले तसे कोसळले. उकंडाजींच्या बैलांच्या गळ्यातली घुंगरं गेली, कौलारू घर गेलं, आणि ते गावी परतले. मारोती मात्र परतला नाही, एवढं कानावर आलं. आबाजींनी बार्शीटाकळीची नोकरी सोडली, हेही आलं. हेडमास्तर म्हणाले, "त्यांचं कुठेच पटणार नव्हतं." मी पुढच्या पडवीत बसू लागलो, बोटानं वाचत राहिलो, एकेक परीक्षा झाल्या. मुंबईला कॉलेजात जायचं ठरलं तेव्हा शाळेनं माझा सत्कार केला. मी उभा राहून सांगितलं की मला वाचायला आबाजी मास्तरांनी शिकवलं.

"कोण आबाजी?" एका तरुण मास्तरानं शेजारी विचारलं.

"तो नाही का, कोंडवाडावाला," कुणी म्हणालं, आणि बरीच माणसं हसली. हसण्यात द्वेष नव्हता. तेच मला जास्त लागलं.

मुंबईला जाताना मी वाटेत अकोल्याला उतरलो. आबाजी तिथे कुठल्याशा प्रेसमध्ये असतात, असं बापाला एका गाडीवानानं सांगितलं होतं. मी पेढे घेतले होते. प्रेस म्हणजे कापूस दाबून गाठी बांधणारं यंत्र, ते नवीनच आलं होतं. फाटकातून आत गेलो तर इंजिनाच्या धडधडीनं छाती हलू लागली. शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. ज्याला विचारलं, त्यानं हातानंच कोपऱ्याकडे दाखवलं.

आबाजी तिथे गाठींवर शाईनं अक्षरं रंगवायचं काम करत. पागोटं तसंच कललेलं होतं, दाढी पांढरी झाली होती. पण त्या वेळी ते रंगवत नव्हते. एका गाठीवर बसले होते, तोंड भिंतीकडे, कान पुढे. शेजारी कापसानं माखलेला, दणकट खांद्यांचा एक हमाल उभा होता. त्याचे ओठ हलत होते. भराभर, न थांबता, मान न ताणता. तो मारोती होता.

मी अगदी जवळ जाऊन, ओरडून हाक मारली. आबाजींनी न वळताच तळहात वर केला. थांब.

मी थांबलो. मारोती बोलत होता, हात हलवत होता, मध्येच हसत होता. इंजिन आपला ठोका देत होतं आणि तो त्यावर बोलत होता. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिथे कुणालाच येत नसणार.

मग जेवणाची शिटी झाली. इंजिन धापा टाकत थांबलं. एकदम इतकी शांतता झाली की कबुतरांचे पंख ऐकू आले. मारोतीचं तोंड उघडं राहिलं. त्याची मान ताणली, डोळे मिटले. मग त्यानं हात झटकला, मला पाहिलं, ओळखलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून भाकरी खायला निघून गेला.

"शिकला का रे?" आबाजींनी मला विचारलं. मी हो म्हणालो. "बोटानं वाचते का अजून?"

"बोटानंच."

"वाच. लाजू नको." त्यांनी पेढा तोंडात टाकला. मी विचारलं, इथे कसे आलात. ते म्हणाले, "हा येथं आला म्हून. याच्या तोंडाजवळ कान कोण नेईन?"

"काय सांगत होता तो?"

"म्हैस." आबाजी हसले. "तेच म्हैस. संपवतच नाई. रोज पुढं नेऊन राहिला. आता नागपूर पार केलं तिनं."

"त्याला बाहेर, शांततेत, काहीच येत नाही?"

आबाजी अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत राहिले. मग म्हणाले, "एक वर्ष मांगलं होतं म्या."

माझ्या गाडीची वेळ झाली होती. मी त्यांच्या पाया पडलो. फाटकापाशी पोचलो तेव्हा मागे इंजिन पुन्हा सुरू झालं. वळून पाहिलं. मारोती घाईघाईनं तोंड पुसत कोपऱ्याकडे येत होता. आबाजींनी गाठीवर बसून तोंड भिंतीकडे वळवलं आणि कान पुढे केला. मारोतीचे ओठ हलू लागले. मी फाटकात उभा राहून पुष्कळ कान दिला. एक अक्षर ऐकू आलं नाही.